डावा की अशुभ? एका लॅटिन विशेषणाचा माग काढण्याची रीत

स्पॅनिश, इटालियन, फ्रेंच, पोर्तुगीज किंवा रुमानियन यांपैकी एखादी भाषा नव्याने शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याला थोड्याच दिवसांत एक सुखद अनुभव येतो. एका भाषेतला शब्द कळला की उरलेल्या चार भाषांमधली त्याची भावंडे चेहऱ्यावरूनच ओळखू येऊ लागतात. या साऱ्या भाषा लॅटिनच्या लेकी (त्यांनाच रोमान्स भाषा म्हणतात) असल्यामुळे हे स्वाभाविक आहे. फसगतही नेमकी इथेच होते, कारण भावंडांचे चेहरे सारखे असले तरी प्रत्येकाचा संसार वेगळा असतो. दुर्दैव, अपशकुन, अनिष्ट असे अर्थ दाखवणारी विशेषणे या बाबतीत विशेष अवघड आहेत. म्हणून त्यांतले एकच विशेषण घेऊन त्याचा माग कसा काढायचा, हे पुढे पायरीपायरीने सांगितले आहे. ते विशेषण म्हणजे लॅटिनमधले 'सिनिस्तेर'.

हेच विशेषण निवडण्याचे कारण थोडे खाजगी आहे. शिकाऊ काळात एका परिचितांना स्पेनहून आलेल्या पत्राचे मराठी करून देताना 'नूमेरो दे सिनिएस्त्रो' या शब्दांपाशी मी अडलो. डोक्यात इंग्रजीतला 'सिनिस्टर' घर करून बसलेला होता, त्यामुळे मी बेधडक 'अशुभ क्रमांक' असे लिहून दिले. पत्र विमा कंपनीचे होते, भाड्याने घेतलेल्या मोटारीला झालेल्या किरकोळ धडकेबद्दल होते, आणि तो बिचारा क्रमांक क्लेमचा होता. पहिला नियम मी तेव्हा शिकलो: रोमान्स भाषांतला शब्द इंग्रजीच्या चष्म्यातून वाचायचा नाही.

पहिली पायरी: लॅटिनमधला अर्थ आधी नक्की करणे

वहीच्या पानावर सर्वांत वर लॅटिन शब्द त्याच्या तिन्ही लिंगांसह लिहावा: सिनिस्तेर, सिनिस्त्रा, सिनिस्त्रुम. त्याखाली सर्वांत जुना, रोजच्या वापरातला अर्थ लिहावा. तो अर्थ 'डावा' एवढाच आहे. अपशकुनाचा अर्थ नंतर येऊन चिकटलेला आहे, आणि तो कसा चिकटला हे समजल्याशिवाय पुढचे काहीच नीट लागत नाही.

रोमन शकुनशास्त्रात डावी बाजू मुळात शुभ होती, हे ऐकून नवख्या माणसाला धक्काच बसतो. आकाशाचे चार भाग सांगताना रोमन विद्वान व्हारोने डावा भाग पूर्वेला, उजवा पश्चिमेला आणि समोरचा दक्षिणेला दिला आहे. म्हणजे शकुन पाहणारा दक्षिणेकडे तोंड करून उभा असे आणि उगवतीची बाजू त्याच्या डाव्या हाताला येई. ग्रीकांमध्ये मात्र शुभ शकुन उजवीकडचा मानला जाई. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने इ.स.पू. ४४ च्या सुमारास शकुनविद्येवर लिहिताना हा फरक नोंदवून ठेवला आहे: आपल्याला डावीकडचे बरे वाटते, ग्रीकांना आणि परक्यांना उजवीकडचे. ग्रीक साहित्याचा पगडा बसल्यावर लॅटिन कवी ग्रीक रीतीनेही हा शब्द वापरू लागले, आणि एकाच शब्दाला 'शुभ' आणि 'अशुभ' असे दोन्ही अर्थ आले. शब्दकोशात हे दोन्ही अर्थ एकाखाली एक दिसले की छापण्यात चूक झाली असे समजू नये.

मराठी वाचकाला हे समजायला खरे तर फार लांब जावे लागत नाही. संस्कृतातला 'वाम' म्हणजे सुंदर, म्हणूनच 'वामलोचना'. तोच 'वाम' म्हणजे डावा, आणि तोच 'वाम' म्हणजे प्रतिकूल, वाकडा. आपण 'वाममार्ग' हा शब्द नाक मुरडून उच्चारतो आणि 'वामकुक्षी' घेताना मात्र त्याच शब्दावर डाव्या कुशीला सुखाने लवंडतो. ग्रीकांनी तर डाव्या बाजूला 'चांगल्या नावाची' असेच नाव देऊन ठेवले होते. ज्याची धास्ती वाटते त्याला गोड नावाने हाक मारण्याची ही रीत आहे. 'सिनिस्तेर'चे मूळही काही अभ्यासक अशाच एखाद्या गोड नावात शोधतात आणि त्याची तुलना संस्कृतातल्या 'सनीयान्' (अधिक लाभदायक) या रूपाशी करतात. दिशांचेही तसेच आहे. आपण पूर्वेकडे तोंड केले म्हणून उजवा हात दक्षिणेला आला आणि 'दक्षिण' या एकाच शब्दाने दोन्ही कामे भागली. रोमन माणसाने तोंड फिरवले आणि त्याचा शकुनही फिरला.

दुसरी पायरी: तद्भव की तत्सम, हे ओळखणे

मराठी शाळेत शिकलेल्याला इथे एक आयती सोय आहे. 'हस्त' हा तत्सम आणि 'हात' हा तद्भव, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. रोमान्स भाषांतही असेच दोन थर आहेत: काही शब्द लोकांच्या तोंडून पिढ्यानपिढ्या झिजत आले, काही विद्वानांनी नंतर लॅटिन पोथ्यांतून जसेच्या तसे उचलले. कोणता शब्द कोणत्या थरातला, हे ध्वनिनियमांवरून ठरते. अर्थाच्या मागे लागण्याआधी ही परीक्षा घ्यावी.

पोर्तुगीजमध्ये ही परीक्षा सर्वांत सोपी आहे. दोन स्वरांमधला 'न' पोर्तुगीजमध्ये गळून पडतो: लॅटिन 'लूना' म्हणजे चंद्र, पोर्तुगीजमध्ये त्याचे 'लुआ' झाले. याच नियमाने 'सिनिस्त्रुम'मधला 'न' गळून 'सेश्त्रु' हे रूप तयार झाले. हा तद्भव. त्याचा अर्थ डावा, अनिष्ट असा होताच, पण नाम म्हणून तो खोड, वाईट सवय या अर्थीही वापरला गेला. याउलट आजच्या वर्तमानपत्रात भेटणाऱ्या 'सिनिश्त्रु'मध्ये 'न' शाबूत आहे, म्हणून तो पोथीतून आलेला तत्सम. एकाच आईची दोन मुले, एक रानात वाढलेले आणि एक पाठशाळेत.

स्पॅनिशमधले प्रकरण अधिक खोल आहे. इथे थोडे थांबावे, कारण या एका शब्दातून ध्वनिनियम वापरण्याची सगळी कला शिकता येते. लॅटिनमधला आघातयुक्त (जोर देऊन उच्चारलेला) ऱ्हस्व 'इ' स्पॅनिशमध्ये 'ए' होतो: 'सिक्कुस'चे 'सेको', 'लिंग्वा'चे 'लेंग्वा'. आघातयुक्त ऱ्हस्व 'ए' मात्र फुटून 'इए' होतो: 'पेत्रा'चे 'पिएद्रा', 'तेर्रा'चे 'तिएर्रा'. आता 'सिनिस्तेर'मध्ये आघात ज्या स्वरावर आहे तो ऱ्हस्व 'इ' आहे. म्हणजे स्पॅनिश रूप 'सिनेस्त्रो' व्हायला हवे होते, आणि प्रत्यक्षात आहे 'सिनिएस्त्रो'. हा 'इए' आला कुठून? शेजारच्या शब्दातून. 'उजवा' या अर्थाच्या लॅटिन 'देक्स्तेर'मध्ये ऱ्हस्व 'ए' होता, त्याचे नियमाप्रमाणे 'दिएस्त्रो' झाले. उजवा-डावा ही जोडी नेहमी एका दमात उच्चारली जात असल्यामुळे बोलीतल्या लॅटिनमध्येच डाव्याने उजव्याचा स्वर उचलला. संस्कृतात 'एकदश' व्हायला हवे तिथे 'द्वादश'च्या संगतीने 'एकादश' झाले, तसाच हा प्रकार. रूप नियमात बसत नसेल तर नियमावर किंवा स्वतःवर संशय घेण्याआधी त्या शब्दाची जोडी कोणाशी जमते, हे पाहावे.

फ्रेंचमध्ये जुना तद्भव 'सेनेस्त्र' आणि नंतरचा तत्सम 'सिनिस्त्र' असे दोन्ही आहेत. पहिला आता ढालीवरच्या राजचिन्हांचे वर्णन करण्यापुरता उरला आहे, आणि तिथेही डावी बाजू ढाल धरणाऱ्याची धरतात, पाहणाऱ्याची नव्हे. इटालियनमध्येही नियमाने 'सिनेस्त्रो' व्हायला हवे. जुन्या लिखाणात ते सापडतेही, पण टिकले ते लॅटिनच्या वळणाचे 'सिनिस्त्रो'. रुमानियनमधला 'सिनिस्त्रु' फ्रेंच आणि लॅटिनवरून नव्याने घेतलेला आहे, आणि कातालानमध्ये, म्हणजे ईशान्य स्पेनमधल्या लॅटिनवंशी भाषेत, 'सिनिस्त्रे' आहे. या दोघांवर नवशिक्याने जास्त वेळ घालवू नये.

तिसरी पायरी: रिकाम्या झालेल्या जागेवर कोण बसले, हे पाहणे

शब्दाचा अर्थ बदलला की त्याची जुनी जागा रिकामी होते आणि तिथे दुसरा शब्द येऊन बसतो. म्हणून प्रत्येक भाषेत 'डावा'ला आज काय म्हणतात, हे वेगळ्या रकान्यात लिहावे. स्पॅनिश 'इथ्किएर्दा', पोर्तुगीज 'इश्केर्दा' आणि कातालान 'अस्केर्रा' यांचे नाते लॅटिनशी नाही, ते स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क भाषेतल्या 'एस्केर' या शब्दाशी आहे. फ्रेंचमध्ये 'गोश' आला, रुमानियनमध्ये 'स्तिंग' आला. रुमानियन शब्दामागे 'थकलेला' हा अर्थ आहे, तर फ्रेंच 'गोश'चा आजही 'अवघडलेला, धांदरट' असा दुसरा अर्थ होतो. इटालियनमध्ये डावखुऱ्याला 'मान्चिनो' म्हणतात आणि त्याच्या मुळाशी 'अधू' हा अर्थ आहे. अपशकुनी झालेला शब्द बाजूला सारून नवा आणला खरा, पण नव्यालाही डाग लागलेलाच. डाव्या हाताच्या नशिबी हेच असावे.

स्पेनमध्ये 'सिनिएस्त्रो' एकदम डाव्याचा अशुभ झाला नाही. मध्ये एक काळ असा होता की दोन्ही अर्थ एकाच ओळीत नांदत होते. त्याचा उत्तम नमुना एल सिद या मध्ययुगीन स्पॅनिश वीराच्या महाकाव्यात, ज्याच्या हस्तलिखितात १२०७ या सालाशी जुळणारी नोंद आहे, अगदी सुरुवातीला सापडतो. हद्दपार झालेला सिद आपल्या माणसांसह बीवार गावातून निघतो तेव्हा कावळ्याच्या जातीचा पक्षी 'दिएस्त्रा', म्हणजे उजव्या हाताला दिसतो. बुर्गोस शहरात शिरताना तोच पक्षी 'सिनिएस्त्रा' होतो. कवीने नुसती बाजू सांगितली आहे. पण ऐकणाऱ्याने जे समजायचे ते समजून घेतले, आणि पुढच्याच ओळीत सिद खांदे उडवून मान हलवतो. बुर्गोसमध्ये त्याला कोणी दार उघडत नाही, हे पुढे येतेच. इथे 'सिनिएस्त्रा'चे भाषांतर 'डावीकडे' करायचे की 'अशुभ'? माझ्या मते 'डावीकडे'च करावे, कारण अशुभाचे काम शब्दावर न लादता कावळ्यावर सोपवले तरच ती ओळ जिवंत राहते. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावताना पाकळी उजवीकडची पडली की डावीकडची, एवढेच सांगितले जाते. अर्थ समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर उमटतो. तसेच हे आहे.

आज स्पॅनिशमध्ये 'डावा' हा अर्थ जवळजवळ वाक्प्रचारापुरता उरला आहे. 'आ दिएस्त्रो इ सिनिएस्त्रो' म्हणजे मागचापुढचा विचार न करता, दिसेल त्या दिशेला.

चौथी पायरी: विशेषण आहे की नाम, ते तपासणे

माझी चूक झाली ती या पायरीवर, म्हणून नवशिक्याने इथे घाई करू नये. विशेषण म्हणून स्पॅनिश 'सिनिएस्त्रो', फ्रेंच 'सिनिस्त्र', पोर्तुगीज 'सिनिश्त्रु' आणि रुमानियन 'सिनिस्त्रु' यांचा अर्थ अनिष्टसूचक, भेसूर, काळजात धस्स करणारा असा होतो. पण हाच शब्द नाम झाला की त्यातली भीती नाहीशी होते आणि उरतो तो विम्याच्या कागदावरचा अपघात, आग, पूर किंवा चोरी, ज्याची भरपाई मागायची असते. फ्रान्समध्ये घरात पाइप फुटून भिंती भिजल्या तरी माणूस विमा कंपनीकडे 'सिनिस्त्र' कळवतो, आणि त्यात भेसूर काहीच नसते. स्पेनमध्ये दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या किमतीपलीकडे गेला की ती मोटार 'सिनिएस्त्रो तोताल' ठरते. आपले गॅरेजवाले 'टोटल लॉस' म्हणतात तेच हे.

नामावरून पुढे आणखी शब्द तयार झाले. फ्रेंच 'सिनिस्त्रे' (शेवटचा 'ए' स्पष्ट उच्चारावा), इटालियन 'सिनिस्त्रातो' आणि रुमानियन 'सिनिस्त्रात' म्हणजे आपद्ग्रस्त. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्या बातम्यांत हे शब्द हमखास येतात. स्पॅनिशमध्ये 'सिनिएस्त्रालिदाद' म्हणजे अपघातांचे प्रमाण, मग ते रस्त्यावरचे असो वा कारखान्यातले. अशा बातमीचे भाषांतर करताना 'अशुभ', 'दुर्दैवी' हे शब्द मनातही आणू नयेत. सरळ 'अपघात', 'हानी', 'दावा', 'आपद्ग्रस्त' हे शब्द वापरावेत.

पाचवी पायरी: इटालियन वेगळी ठेवणे

वर सांगितलेले सगळे इटालियनला लागू होते, पण तिथे मूळचा 'डावा' हा अर्थही ठणठणीत आहे. रस्ता विचारल्यावर 'आ सिनिस्त्रा' असे उत्तर आले तर त्यात धमकी नसते, नुसते डावीकडे वळायचे असते. राजकारणातही तसेच: १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेतील बैठकव्यवस्थेवरून डावे-उजवे ही भाषा युरोपभर पसरली तेव्हा प्रत्येकाने आपापला 'डावा' वापरला, आणि इटलीच्या वाट्याला 'सिनिस्त्रा' आला. १८७६ मध्ये आगोस्तिनो देप्रेतिस यांच्या नेतृत्वाखाली तिथे 'सिनिस्त्रा' सत्तेवर आली, हे वाक्य इंग्रजीच्या चष्म्यातून वाचले तर काय अनर्थ होईल, याची कल्पना करावी.

मग इटालियन वाक्यात कोणता अर्थ घ्यायचा? एक साधी कसोटी आहे. त्या विशेषणाच्या आधी 'फार' किंवा 'अधिक' लावून पाहावे. डोळा 'अधिक डावा' असू शकत नाही, म्हणून 'ओक्यो सिनिस्त्रो' म्हणजे डावा डोळा. नजर मात्र 'अधिक भेसूर' असू शकते, म्हणून 'स्ग्वार्दो सिनिस्त्रो' म्हणजे अनिष्ट, धडकी भरवणारी नजर. 'लूचे सिनिस्त्रा' हे शब्द मोटारीच्या वर्णनात आले तर डावा दिवा आणि पडक्या वाड्याच्या वर्णनात आले तर भयाण उजेड. इथे कसोटीपेक्षा आजूबाजूची वाक्येच कामी येतात. एरवी लॅटिनशी संबंध नसलेल्या मराठी वाचकाच्या घरातही हा शब्द सापडू शकतो: काही चष्म्यांच्या चिठ्ठीवर 'ओ. डी.' आणि 'ओ. एस.' अशी अक्षरे असतात, त्यांतले 'एस' म्हणजे 'सिनिस्तेर'. डाव्या डोळ्याचा नंबर त्यापुढे असतो.

सहावी पायरी: शेजाऱ्यांशी गल्लत टाळणे

अनिष्ट या अर्थाची आणखी तीन लॅटिन विशेषणे वरचेवर भेटतात आणि मराठीत तिघांनाही 'अशुभ' म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. 'फुनेस्तुस' हा अंत्यविधीच्या 'फूनुस'वरून आलेला आहे, त्यामुळे इटालियन व स्पॅनिश 'फुनेस्तो' आणि फ्रेंच 'फ्युनेस्त' यांच्यात मृत्यूची किंवा घातक परिणामाची छाया असते. 'इन्फाउस्तो' स्पॅनिश आणि इटालियनमध्ये पुस्तकी आहे, पण इटालियन डॉक्टर रोगी वाचण्याची आशा नाही असे सांगायचे असते तेव्हा याच शब्दाचा आधार घेतात. तिसरा 'नेफास्तुस'. रोमन पंचांगात काही दिवसांपुढे 'एन्' हे अक्षर असे, आणि त्या दिवशी न्यायाधिकाऱ्याला निवाड्याचे ठरलेले शब्द उच्चारता येत नसत. म्हणजे तो दिवस मुळात न्यायालयाच्या सुटीचा. खरे काळे दिवस निराळे होते. पुढे मात्र फ्रेंच 'नेफास्त' आणि स्पॅनिश 'नेफास्तो' यांना सरसकट 'अनर्थकारक' असा अर्थ आला, आणि आता ते वाईट धोरणाला किंवा वाईट सल्लागारालाही लावले जातात. ढोबळ विभागणी अशी करावी: 'सिनिस्तेर'चे वंशज पुढे काहीतरी वाईट होणार असे सुचवतात, 'नेफास्तुस'चे वंशज वाईट घडवून आणतात.

सातवी पायरी: कोश आणि वही

प्रत्येक भाषेसाठी त्या भाषेतलाच एकभाषिक कोश उघडावा; इंग्रजीमार्गे जाणारा कोश ही शेवटची सोय. स्पॅनिशसाठी शाही अकादमीचा कोश, फ्रेंचसाठी 'त्रेझॉर', इटालियनसाठी 'त्रेक्कानी', पोर्तुगीजसाठी 'प्रिबेराम' आणि रुमानियनसाठी 'डेक्स' हे सारे इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. कोशात व्युत्पत्ती, विशेषणाचे अर्थ, नामाचे अर्थ आणि वाक्प्रचार, या क्रमाने वाचावे. अर्थ कळला असे वाटले तरी उदाहरणाचे एक तरी वाक्य वहीत उतरवून घ्यावे, कारण अर्थ विसरला जातो, वाक्य लक्षात राहते.

रूपेही याच पानावर लिहावीत. फ्रेंचमध्ये पुल्लिंग आणि स्त्रीलिंग सारखेच असते, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि इटालियनमध्ये शेवटचा स्वर बदलतो, आणि रुमानियनमध्ये पुल्लिंगी अनेकवचनात 'स'चा 'श' होतो. एवढे पुरे.

पानाच्या तळाशी दोन ओळी मोकळ्या सोडाव्यात, कारण बोलीभाषा कोशाच्या पुढे धावते. माझ्या वहीत त्या जागी ब्राझीलमधून आलेली एक नोंद आहे. रिओच्या बोलीत एखाद्या पोराने फूटबॉलमध्ये अफलातून गोल केला की बघणारे कौतुकाने 'सिनिश्त्रु!' असे ओरडतात. रोमन शकुन्याचा डावा हात, सिदचा कावळा आणि विम्याचा क्लेम ओलांडून आलेल्या या शब्दापुढे मी मराठी अर्थ लिहिला आहे: 'खतरनाक', पुण्या-मुंबईची मुले म्हणतात त्या अर्थाने.